रेडिओहेडचे संगीत चित्रपटांत आणि मालिकांत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेडिओहेड हा बँड नेमका कोणता आणि त्याचे चित्रपटांशी नाते कुठून सुरू होते?

ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन या गावातील एकाच शाळेत शिकणाऱ्या पाच मुलांनी १९८५ मध्ये हा बँड सुरू केला. गायक टॉम यॉर्क, गिटारपासून सिंथेसायझरपर्यंत हाती येईल ते वाद्य वाजवणारा जॉनी ग्रीनवूड, त्याचा थोरला भाऊ व बेसवादक कॉलिन, गिटारवादक एड ओब्रायन आणि ड्रमवादक फिलिप सेल्वे हे पाचही जण आजतागायत टिकून आहेत, ही रॉक संगीतात तशी दुर्मीळच गोष्ट आहे. शाळेत सराव शुक्रवारी होत असे, म्हणून त्यांचे पहिले नाव 'ऑन अ फ्रायडे' असे होते. १९९१ मध्ये ईएमआय कंपनीशी करार झाला, तेव्हा कंपनीने नाव बदलण्याची सूचना केली आणि 'टॉकिंग हेड्स' या अमेरिकी बँडच्या एका गाण्याचे शीर्षक मुलांनी उचलले. ते गाणे १९८६ च्या 'ट्रू स्टोरीज' या अल्बममधले, आणि तो अल्बम डेव्हिड बर्न याने दिग्दर्शित केलेल्या त्याच नावाच्या चित्रपटातील गाण्यांचा. म्हणजे पुढे चित्रपटांना एवढे संगीत पुरवणाऱ्या या बँडचे नावच मुळात एका चित्रपटगीतावरून आलेले आहे.

त्यांची गाणी पडद्यावर सर्वप्रथम कुठे लक्षात राहिली?

१९९५ हे वर्ष धरावे लागेल. त्या वर्षी आलेल्या 'क्लुलेस' या हॉलिवूडच्या विनोदी चित्रपटात कॉलेजात जाणारा जॉश 'फेक प्लास्टिक ट्रीज' हे गाणे ऐकत असतो आणि नायिका शेर त्या रडक्या संगीताची टर उडवते. बँडला 'उदास लोकांचा बँड' हे जे बिरुद पुढे कायमचे चिकटले, त्याचा पडद्यावरचा पहिला ठळक पुरावा हाच. त्याच वर्षी, पार वेगळ्या दुनियेत, व्हिएतनामी-फ्रेंच दिग्दर्शक त्रान आन हुंग यांच्या 'सायक्लो' या चित्रपटात सायगावमधील नाइटक्लबच्या प्रसंगात 'क्रीप' वाजते. सायकलरिक्षा ओढणाऱ्या एका मुलाची ही कथा व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोच्च मानाचा सुवर्णसिंह मिळवून गेली. याच दिग्दर्शकाने पंधरा वर्षांनी 'नॉर्वेजियन वूड' या चित्रपटासाठी जॉनी ग्रीनवूडला संगीतकार म्हणून बोलावले, त्यामुळे 'सायक्लो'चा उल्लेख केवळ यादीपुरता राहत नाही.

'एक्झिट म्युझिक' हे गाणे खरोखरच चित्रपटासाठी लिहिले गेले होते का?

होय. या पानावर येणाऱ्या प्रश्नांत हा सर्वाधिक विचारला जातो आणि त्याचे उत्तरही सविस्तर देण्याजोगे आहे. १९९६ मध्ये रेडिओहेड अमेरिकेत ॲलॅनिस मॉरिसेट या गायिकेच्या दौऱ्यात तिच्या आधी मंचावर जाऊन गात असताना दिग्दर्शक बाझ लुहरमन याने 'रोमिओ + ज्युलिएट' या आपल्या चित्रपटाचा शेवटचा अर्धा तास त्यांच्याकडे पाठवला आणि श्रेयनामावलीसाठी गाणे मागितले. ज्युलिएट झालेली क्लेअर डेन्स पिस्तूल स्वतःच्या डोक्याला लावते, हे दृश्य पाहिल्याबरोबर आपण कामाला लागलो, असे यॉर्कने मुलाखतींत सांगितले आहे. फ्रांको झेफिरेली यांचा १९६८ चा 'रोमिओ अँड ज्युलिएट' त्याने तेराव्या वर्षी पाहिला होता आणि तो ओक्साबोक्शी रडला होता. ही दोघे सरळ पळून का जात नाहीत, हे त्याला त्या वयात काही केल्या कळेना. नवे गाणे त्या प्रश्नापासूनच सुरू होते. घरचे उठण्याआधी कपडे भर आणि निघ, असे कोणीतरी कुजबुजत सांगत आहे, असा त्याचा आरंभ आहे.

रचनेच्या दृष्टीने पाहिले, तर गाणे चार मिनिटे चोवीस सेकंदांचे आहे आणि त्यातील निम्म्याहून अधिक वेळ केवळ ॲकॉस्टिक गिटार, गळा आणि मेलोट्रॉन या जुन्या वाद्यातून निघणारा भुताटकीसारखा समूहस्वर एवढेच ऐकू येते. मग ड्रम येतात, पाठोपाठ बेस गिटार चिरफाळलेल्या आवाजात घुसते आणि तोवर दबून असलेला यॉर्कचा आवाज वरच्या सप्तकात फुटतो. बाथ शहराजवळच्या सेंट कॅथरिन्स कोर्ट या जुन्या वाड्यात ध्वनिमुद्रण चालले असताना यॉर्कला दगडी जिन्यात उभे करून गायला लावले होते. आवाजाला जी ओल आणि पोकळी आहे, ती त्या जिन्याची. आपल्या संगीत नाटकांच्या शेवटी भरतवाक्य येते आणि सर्वांचे कल्याण चिंतून पडदा पडतो. हे गाणेही पडदा पडतानाचे आहे, पण त्याच्या अखेरीस आहे तो शाप, आणि तो मेलेल्यांनी मागे उरलेल्या वडीलधाऱ्यांना दिलेला आहे.

मग ते त्या चित्रपटाच्या साउंडट्रॅक अल्बमवर का सापडत नाही?

बँडच्या इच्छेमुळे. गाणे पडद्यावर श्रेयनामावलीत वाजते, परंतु साउंडट्रॅकवर ते देण्यास बँडने नकार दिला आणि १९९७ च्या 'ओके कॉम्प्युटर' या स्वतःच्या अल्बमसाठी राखून ठेवले. साउंडट्रॅकवर जे आहे, ते 'टॉक शो होस्ट' हे दुसरे गाणे होय. मूळचे ते 'स्ट्रीट स्पिरिट' या सिंगलच्या मागच्या बाजूचे दुर्लक्षित गाणे होते. चित्रपटात रोमिओ पहिल्यांदा समोर येतो तेव्हा ते वाजते आणि लिओनार्डो डिकॅप्रिओच्या त्या एका दृश्यामुळे त्याला स्वतंत्र चाहतावर्ग मिळाला.

'एक्झिट म्युझिक' पुढे आणखी कुठे ऐकू येते?

'ब्लॅक मिरर' या मालिकेच्या २०१६ मधील 'शट अप अँड डान्स' या भागाच्या अखेरीस ते येते, आणि ज्यांनी तो भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी येथे अधिक काही न सांगणेच बरे. गाण्यातला शाप तिथे कोणाला लागू पडतो, हे कळल्यावर प्रेक्षकाची आधीची सगळी सहानुभूती उलटते. त्याच्या बरोबर उलट टोकाला 'फादर टेड' ही आयरिश पाद्र्यांवरची विनोदी मालिका आहे. तिच्या १९९८ मधील अखेरच्या भागात नैराश्याने ग्रासलेल्या एका पाद्र्याला फादर टेड मोठ्या मिनतवारीने माणसात आणतो, तो आनंदाने बसमध्ये बसतो, बसमध्ये नेमके हे गाणे लागते आणि बिचारा होता तिथे परत जातो. रेडिओहेडवर आजवर झालेल्या विनोदांत याहून नेमका विनोद माझ्या पाहण्यात नाही.

'वेस्टवर्ल्ड' मालिकेत त्यांची गाणी पियानोवर का वाजतात?

एचबीओच्या या मालिकेतील वेस्टवर्ल्ड म्हणजे यंत्रमानवांनी भरलेले, जुन्या अमेरिकेचे सोंग घेतलेले एक करमणुकीचे उद्यान. तेथील गुत्त्यात एक स्वयंचलित पियानो आहे. छिद्रे पाडलेली कागदी गुंडाळी फिरते आणि पट्ट्या आपोआप खाली-वर होतात, वाजवणारा कोणीच नसतो. २०१६ च्या पहिल्या पर्वात संगीतकार रामिन जवादी यांनी या पियानोवर 'नो सरप्राइजेस' आणि 'फेक प्लास्टिक ट्रीज' बसवली, आणि शेवटच्या भागात 'एक्झिट म्युझिक' आणले. आपल्या इच्छेने वागतो आहोत असे समजणारी, प्रत्यक्षात कोणीतरी आधीच लिहून ठेवलेली आयुष्ये जगणारी पात्रे आणि गुंडाळीवर आधीच कोरलेले सूर वाजवणारा पियानो, ही जोडी फार विचारपूर्वक जमवलेली आहे. प्रेक्षकाला चाल ओळखू येते, शब्द मनात वाजतात, पण पात्रांना ते ऐकू येत नाहीत.

यामागे एक व्यावहारिक बाजूही आहे. चित्रपटात किंवा मालिकेत तयार गाणे वापरायचे, तर दोन परवानग्या लागतात: एक रचनेची, म्हणजे शब्द आणि चाल यांची, जी प्रकाशन कंपनीकडून घ्यावी लागते, आणि दुसरी प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाची, जी रेकॉर्ड कंपनीकडून मिळते. पियानोवर नव्याने वाजवून घेतल्यास दुसरी परवानगी लागत नाही. तरीही निव्वळ पैसे वाचवण्याची ही युक्ती होती असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण मूळ ध्वनिमुद्रणाने हा परिणाम साधलाच नसता.

एखाद्या चित्रपटाने त्यांच्या गाण्याचा सर्वांत उत्तम उपयोग केला आहे, असे सांगता येईल का?

मतभेद होणारच, पण मी 'आंसांदी'चे नाव घेईन. वाजदी मुआवाद यांच्या नाटकावर आधारलेला, कॅनडातील दिग्दर्शक देनी व्हिलनव यांचा हा चित्रपट २०१० चा. पहिल्या दृश्यात खिडकीतून माळरान आणि ताडाची झाडे दिसतात. कॅमेरा सावकाश मागे येतो आणि कळते की आपण एका पडक्या खोलीत आहोत, तिथे बंदूकधारी माणसे लहान मुलांचे केस यंत्राने भादरत आहेत. केसांचे झुपके जमिनीवर, अनवाणी पायांवर पडतात. एका मुलाच्या टाचेवर गोंदलेले तीन ठिपके दिसतात. मग तो मुलगा थेट कॅमेऱ्यात पाहतो आणि कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या दिशेने सरकत राहतो. या संपूर्ण वेळात एकही संवाद नाही. वाजते ते २००१ च्या 'ॲम्नेसिॲक' अल्बममधील 'यू अँड हूज आर्मी?' हे गाणे, सुरुवातीला जुन्या रेडिओतून आल्यासारखे घुसमटलेले आणि शेवटी पियानो व ड्रमसह उसळणारे.

एरवी दिग्दर्शक गाणे वापरतो तो प्रेक्षकाला काय वाटावे हे सांगण्यासाठी. येथे गाणे काहीच सांगत नाही. अरब जगातल्या त्या खोलीत इंग्लंडमधल्या बँडचे गाणे का, हा प्रश्न प्रेक्षकाला टोचतो, आणि त्या टाचेचा अर्थ जसा दीड-दोन तासांनी लागतो तसाच त्या गाण्यातील आव्हानाचाही नंतरच लागतो. रेडिओहेडची गाणी पडद्यावर जिथे जिथे सार्थ ठरली, तिथे बहुधा हेच घडले आहे: पात्राने किंवा कथेने अजून उघड न केलेली गोष्ट गाण्याने आधी धरून ठेवली आहे. जिथे दिग्दर्शकाला केवळ 'दुःखी वातावरण' हवे होते, तिथे ती गाणी फुकट गेली.

इतर उल्लेखनीय वापर कोणते?

थोडक्यात सांगायचे, तर 'व्हॅनिला स्काय' (२००१) च्या आरंभी 'एव्हरीथिंग इन इट्स राइट प्लेस' वाजते, जे शीर्षकाने सर्व काही जागच्या जागी आहे असे सांगते आणि दहा मात्रांच्या अडखळत्या ठेक्याने ते खोटे पाडते. आपल्याकडे झपतालाच्या दहा मात्रा कानात बसलेल्या असतात, पण पाश्चात्त्य श्रोत्याला ही चाल पाऊल चुकल्यासारखी वाटते. 'चिल्ड्रन ऑफ मेन' (२००६) मध्ये मायकल केनच्या जंगलातल्या घरात 'लाइफ इन अ ग्लासहाउस' वाजते. त्यात जॅझ ट्रम्पेटवादक हम्फ्री लिटलटन आणि त्यांच्या साथीदारांची साथ आहे. 'हाउस' मालिकेच्या सहाव्या पर्वाचा २००९ मधील आरंभ 'नो सरप्राइजेस'वर होतो आणि व्यसनमुक्तीच्या यातना भोगणाऱ्या डॉक्टरवर ते अंगाईसारखे गाणे क्रूरच वाटते. 'पीकी ब्लाइंडर्स'च्या तिसऱ्या पर्वात 'यू अँड हूज आर्मी?' पुन्हा भेटते. 'ट्वायलाइट' (२००८) च्या श्रेयनामावलीत '१५ स्टेप' आहे. तरुण रक्तपिपासूंच्या प्रेमकथेनंतर हे गाणे कोणाला सुचले असेल याचे नवल वाटते, पण एका पिढीला हा बँड तिथूनच कळला, हेही खरे.

'द बेअर' या शिकागोतल्या सँडविचच्या दुकानाच्या मालिकेने २०२२ मध्ये पहिल्या पर्वाचा शेवट 'लेट डाउन'ने केला. १९९७ च्या या गाण्याला पुढे समाजमाध्यमांवर असा काही बहर आला की ऑगस्ट २०२५ मध्ये, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी, ते बिलबोर्डच्या 'हॉट १००' यादीत दाखल झाले.

'क्रीप' एवढे प्रसिद्ध असूनही त्याचे मूळ ध्वनिमुद्रण चित्रपटांत फारसे का गाजले नाही?

१९९२ चे हे गाणे इतके ओळखीचे आहे की ते लागले की प्रेक्षकाला दृश्य दिसेनासे होते आणि स्वतःचे कॉलेजचे दिवस आठवू लागतात. म्हणूनच त्याचे बदललेले अवतार अधिक परिणामकारक ठरले. 'द सोशल नेटवर्क' (२०१०) च्या जाहिरातपटात 'स्काला अँड कोलाच्नी ब्रदर्स' या बेल्जियमच्या मुलींच्या समूहगायनात ते आले आणि कोवळ्या आवाजांत गायलेल्या त्या न्यूनगंडाने फेसबुकच्या जन्मकथेचा मर्म सांगितला. २०२३ च्या 'गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी'च्या तिसऱ्या भागाची सुरुवात त्याच्या ॲकॉस्टिक आवृत्तीने होते, तीही प्रयोगशाळेत विद्रूप केलेल्या रॅकूनच्या तोंडी, आणि तिथे 'मी इथला नाही' ही भावना शब्दशः खरी आहे. जाता जाता: या गाण्याच्या श्रेयात अल्बर्ट हॅमंड आणि माइक हेझलवूड यांचीही नावे आहेत, कारण त्याचे 'द एअर दॅट आय ब्रीद' या त्यांच्या जुन्या गाण्याशी असलेले साम्य मान्य करण्यात आले.

जेम्स बाँडसाठी केलेले गाणे नाकारले गेले, हे खरे आहे का?

खरे आहे. 'स्पेक्टर' (२०१५) साठी बँडने प्रथम 'मॅन ऑफ वॉर' हे आपले जुने, अप्रकाशित गाणे पुढे केले. ते चित्रपटासाठी लिहिलेले नसल्याने ऑस्करला पात्र ठरणार नाही, म्हणून मागे पडले. मग त्यांनी 'स्पेक्टर' नावाचे नवे गाणे तयार केले, तर ते फारच उदास वाटले. अखेर सॅम स्मिथचे गाणे घेतले गेले आणि त्याला ऑस्करही मिळाले. रेडिओहेडने २५ डिसेंबर २०१५ रोजी आपले गाणे नाताळची भेट म्हणून इंटरनेटवर विनामूल्य ठेवले. रेडिओहेडच्या अल्बमांचा निर्माता नायजेल गॉडरिच याने पुढे या प्रकरणात गेलेल्या वेळेबद्दल उघड चडफड व्यक्त केली, कारण नव्या अल्बमचे काम मध्येच थांबवावे लागले होते. शीर्षकगीताच्या दृश्यांवर हे गाणे चढवून पाहणारे चाहते पुष्कळ आहेत आणि त्यांचे म्हणणे मला पटते.

जॉनी ग्रीनवूड चित्रपटांचा संगीतकार कसा झाला?

सुरुवात २००३ च्या 'बॉडीसाँग' या माहितीपटापासून झाली. त्यानंतर बीबीसीसाठी त्याने 'पॉपकॉर्न सुपरहेट रिसीव्हर' ही तंतुवाद्यांची रचना केली, जिच्यात शॉर्टवेव्ह रेडिओवर स्टेशन शोधताना येणारी खरखर आणि पोलंडचे संगीतकार पेंडेरेत्स्की यांचा प्रभाव एकत्र आला आहे. दिग्दर्शक पॉल थॉमस अँडरसन याने ती ऐकली आणि 'देअर विल बी ब्लड' (२००७) त्याच्याकडे सोपवला. त्या चित्रपटाच्या आरंभी ओसाड टेकड्यांवर कोणी काही करत नसते, पण व्हायोलिनचे सूर घसरत, एकमेकांत मिसळत अशा एका बिंदूवर येऊन थांबतात की जमिनीखालचे तेलच गुरगुरते आहे असे वाटावे. विहिरीला आग लागते त्या प्रसंगातले तालवाद्यांचे तांडव मात्र 'बॉडीसाँग'मधून आलेले आहे. आधीच्या रचना अशा वापरल्यामुळे अकादमीने हे संगीत ऑस्करसाठी अपात्र ठरवले. बर्लिन महोत्सवाने मात्र त्याला रौप्य अस्वल दिले.

तेव्हापासून 'द मास्टर', 'इन्हेरंट व्हाइस', 'फँटम थ्रेड' ते २०२५ च्या 'वन बॅटल आफ्टर अनदर'पर्यंत ही जोडी टिकून आहे. लिन रॅमसे यांच्या 'वी नीड टू टॉक अबाउट केविन'लाही त्याचेच संगीत आहे. २०२१ च्या 'द पॉवर ऑफ द डॉग'साठी त्याने चेलो बँजोसारखा छेडला आणि मुद्दाम बेसूर केलेला यांत्रिक पियानो वापरला, त्यामुळे 'वेस्टवर्ल्ड'च्या गुत्त्याची आठवण आल्यावाचून राहत नाही. 'फँटम थ्रेड' आणि 'द पॉवर ऑफ द डॉग' या दोन्हींना ऑस्करची नामांकने मिळाली. दुसऱ्या वेळी पुरस्कार गेला तो 'ड्यून'कडे, म्हणजे ज्याने 'आंसांदी'त रेडिओहेडला अजरामर केले त्या व्हिलनवच्याच चित्रपटाकडे.

भारताशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो जोधपूरचा. २०१५ मध्ये ग्रीनवूड, गॉडरिच आणि भारतात राहून कव्वालीच्या अंगाने रचना करणारा इस्राएली संगीतकार शाय बेन झूर यांनी मेहरानगड किल्ल्यातच तात्पुरता स्टुडिओ थाटला. सोबत 'राजस्थान एक्स्प्रेस' हा मांगणियार वादक, कव्वाल आणि लग्नाच्या वरातीत शोभावा असा ब्रासबँड यांचा ताफा होता. अँडरसनने त्यावर 'जुनून' हा साधारण पाऊण तासाहून थोडा मोठा माहितीपट केला. त्यात कोणी कॅमेऱ्यासमोर बसून विद्वत्तापूर्ण बोलत नाही. सगळे जाजमावर गोल बसलेले असतात, वीज जाते, खोलीत शिरलेल्या पारव्याला हुसकावण्याची धडपड चालते आणि पुन्हा वाजवणे सुरू होते. ग्रीनवूड एका बाजूला केस तोंडावर घेऊन मान खाली घालून वाजवत बसलेला असतो. तो कोण हे ठाऊक नसणाऱ्याला तो साथीदारांतला एक वाटेल, आणि परदेशी पाहुण्याने भारतात येऊन संगीत करण्याच्या एरवीच्या तऱ्हेशी तुलना केली, तर यातच त्याचे मोठेपण आहे.

टॉम यॉर्कने स्वतंत्रपणे कोणते चित्रपट केले?

लुका ग्वादान्यीनो यांचा 'सस्पिरिया' (२०१८) हे त्याचे पहिले पूर्ण चित्रपटसंगीत. 'द प्रेस्टीज' (२००६) च्या शेवटी त्याचे 'ॲनलाइझ', आणि त्याच वर्षीच्या 'अ स्कॅनर डार्कली'च्या शेवटी 'ब्लॅक स्वान' वाजते. एडवर्ड नॉर्टनच्या 'मदरलेस ब्रुकलिन' (२०१९) मधील 'डेली बॅटल्स'चे विंटन मार्सलिस यांनी केलेले जॅझ रूपही ऐकण्यासारखे आहे.

बँडमधील माणसे स्वतः पडद्यावर दिसली आहेत का?

२००१ मध्ये 'साउथ पार्क'च्या एका भागात त्यांनी स्वतःच्याच कार्टून अवतारांना आवाज दिले. 'हॅरी पॉटर अँड द गॉब्लेट ऑफ फायर' (२००५) मधील नृत्यसमारंभात जादूगारांचा जो बँड वाजवतो, त्यात ग्रीनवूड आणि सेल्वे आहेत. अनेकांनी तो प्रसंग दहा वेळा पाहूनही त्यांना ओळखलेले नसते. गंभीरपणे पाहायचे असेल, तर ग्रँट जी याचा 'मीटिंग पीपल इज ईझी' (१९९८) हा माहितीपट पाहावा. 'ओके कॉम्प्युटर'नंतरच्या दौऱ्यात तेच तेच प्रश्न विचारणाऱ्या मुलाखतींनी हे पाच जण कसे थकत गेले, ते त्यात दिसते. 'मॅन ऑफ वॉर' तेव्हाही एका चित्रपटासाठी स्टुडिओत चालले होते आणि तेव्हाही ते तडीस गेले नाही.

चित्रपटात कधीच न वापरलेले, पण चित्रपटासारखे वाटणारे त्यांचे गाणे ऐकायचे असेल तर?

आधी एक दुरुस्ती: 'मोशन पिक्चर साउंडट्रॅक' हे शीर्षक पाहून ते एखाद्या चित्रपटासाठी केले असावे, असा अनेकांचा समज होतो. तसे नाही. ते २००० च्या 'किड ए' अल्बमचे शेवटचे गाणे आहे, आणि त्याचे वाद्यरूप 'वेस्टवर्ल्ड'ने नंतर वापरले, म्हणून 'कधीच नाही' असेही म्हणता येत नाही. पण मूळ ध्वनिमुद्रण हेडफोन लावून अवश्य ऐकावे. सुरुवात पायपेटीने होते. आपल्या संगीत नाटकांच्या साथीला जी पायपेटी असे, तिचीच ही युरोपीय बहीण, आणि भात्याची धाप व पट्ट्यांची किरकिर स्पष्ट ऐकू येते. मग मध्येच जुन्या हॉलिवूडच्या परीकथांत असते तशी हार्पची झुळूक येते, वर बायकांच्यासारखे उंच स्वर चढतात आणि गाणे संपते. त्यानंतर जवळजवळ मिनिटभर काहीच नाही. प्लेअर बंद करू नये. त्या शांततेनंतर आणखी काही सेकंदांचे संगीत आहे.